पोर्तुगीज दप्तरांत ‘केंकरे’ शोधताना: पणजीतील दोन दिवस

आमचे आडनाव केंकरे. आजोबा लहानपणीच गोव्याहून मुंबईला आले, एवढेच घरात ठाऊक होते. त्यांच्या जन्माची नोंद पाहावी म्हणून डिसेंबरात कोकण रेल्वेने करमळीला उतरलो आणि तिथून पणजी गाठली. ओळखपत्र दाखवणे, अर्ज करणे आणि मागितलेली वही हाती येणे यांत बराच वेळ जातो, त्यामुळे तिथल्या पुराभिलेखागारातले, म्हणजे जुनी सरकारी दप्तरे जपणाऱ्या कचेरीतले, काम एका दिवसात उरकण्याचा बेत करू नये.

पहिला दिवस मी माझ्याच चुकीने घालवला. सूचीत ‘के’ हे रोमन अक्षर धुंडाळत बसलो. जुन्या पोर्तुगीज लेखनात ते जवळजवळ येतच नाही, हे मला सुचलेच नाही. ‘क’ला अ, ओ किंवा उ जोडलेला असला तर ‘सी’ लिहितात आणि ए किंवा इ असला तर ‘क्यू-यू’. म्हणून ‘केंकरे’ तिथे ‘क्यू, यू, ई, एन, सी, आर, ओ’ असे भेटते. केपे आणि केळशी ही गावांची नावेही ‘क्यू’पासूनच सुरू होतात. ‘श’साठी ‘एक्स’ असल्याने शंकर थेट सूचीच्या शेवटाकडे जातो, तर शब्दाच्या अखेरचा ‘एम’ पुष्कळदा नुसता अनुस्वार असतो. याच दप्तरखान्याचे अनेक वर्षे प्रमुख असलेले इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर स्वतःचे नाव पोर्तुगीजमध्ये लिहीत, त्याचा उच्चार साधारण ‘पांडुरोंगा पिसुर्लेंकार’ असा होतो. त्यातला अनुस्वार कोकणीतून आलेला आहे. शिवाय 1911 साली पोर्तुगालने लेखनसुधारणा केली आणि ‘पीएच’च्या जागी ‘एफ’, ‘वाय’च्या जागी ‘आय’ आले. तेव्हा बापलेकांच्या नावांत अशा अक्षरांचा फरक दिसला, तर तो घराण्याने केला असे लगेच समजू नये.

दुसऱ्या दिवशी फोंड्याची मावशी सोबत आली. ती पोर्तुगीज शाळेत शिकलेली. “अक्षरं बघू नकोस, मोठ्यानं म्हणून बघ,” एवढेच ती म्हणाली, आणि कालची निम्मी कोडी सुटली. (वाचनकक्षात मोठ्याने म्हणणे शक्य नसल्याने आम्ही पुटपुटत होतो.) मला मिळालेल्या वहीची सूची आडनावांची नव्हती, पाळण्यातल्या नावांची होती, म्हणून आजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव पोर्तुगीज वळणाने आधीच लिहून न्यावे. केशव असेल तर तोही ‘क्यू’खालीच पाहावा.

अखेर दोन नोंदी हाती आल्या. दोन्हींत मुलाचे व बापाचे नाव सारखेच होते. पहिलीत आडनाव अगदी हवे तसे होते, आणि मी तीच आपली म्हणून उतरवून घेतली असती. पण तिच्यातले गाव आमच्या घरच्या जुन्या पत्रांतल्या गावाशी जुळेना. दुसरीत आडनावाच्या जागी केवळ ‘सिनाई’, म्हणजे शेणवी ही सारस्वतांची उपाधी, एवढेच होते. मात्र तिच्यात गाव तर आमचे होतेच, शिवाय आजोळच्या आजीचे नावही घरी ऐकलेले निघाले. खात्रीसाठी कुलदैवताच्या देवस्थानातली महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची, वही पाहिली, तर त्याच बापाच्या नावापुढे ‘क्यू’चे केंकरे स्वच्छ लिहिलेले होते.

नोंद उतरवताना मूळ स्पेलिंग अक्षरांवरच्या स्वरचिन्हांसह जसेच्या तसे घ्यावे आणि आपले ‘केंकरे’ शेजारी वेगळ्या रकान्यात लिहावे. मी पहिल्या दिवशी सगळीकडे सरसकट ‘केंकरे’ असेच लिहीत गेलो, आणि त्या टिपणांसाठी तीन वह्या पुन्हा मागवाव्या लागल्या.