माळा ४१ हर्ट्झवर गातोय

मागच्या खेपेला माळ्यावर तबकड्या मिक्स करायच्या माझ्या डेकांची (टर्नटेबलांची) अर्थिंगची गुणगुण गेली म्हणून मी नाचलो होतो. ते सुख तीन आठवडे टिकलं.

झालं असं की नवं पार्सल आलं. बारा इंची रेकॉर्ड पाच. कुरियरवाल्यानं पुठ्ठ्याचा एक कोपरा पार चेमटवला होता, पण आत तबकड्या सरळ. चारांबद्दल फार लिहीत नाही. दोन हाउस संगीतवाल्या लॅरी हर्डच्या घराण्यातल्या, म्हणजे १९८६ च्या शिकागोचे ते ओलसर कॉर्ड अजून कुणीतरी मनापासून वाजवतंय. दोन ठीकठाक, सेटच्या मधल्या वेळेला चालतील. पाचवी मात्र व्हाइट लेबल, म्हणजे नावगाव न छापलेली, त्यावर नुसता रबरी शिक्का, तोही तिरका. बी बाजूला ९०९ ड्रम मशीनची हॅट, मागे लांबवर तरंगणारे स्ट्रिंग्ज, आणि मग दोन मिनिटांनी बेस उतरतो. अस्सल डेट्रॉइट टेक्नोचं वळण. अॅटकिन्स, मे आणि साँडरसन या तिघांनी जो यंत्रातला एकटेपणा आणला, तो इथं पुरेपूर आहे.

आणि तो बेस उतरला की माझा माळा ओरडतो.

साधी घरघर नव्हे. 'हूंऽऽऽ' असा सूर चढत जातो, वूफरचा कागद थरथरतो, मिक्सरवरचा आवाजाचा फेडर खाली ओढेपर्यंत थांबत नाही. आज्जी खालून म्हणाली, "वरती जातं बसवलंयस काय रे?"

आधी प्रेसिंगला, म्हणजे तबकडीच्या छपाईला, शिव्या घातल्या, कारण बाकीच्या चार तबकड्यांवर काही होत नव्हतं. मग सुईवर संशय. (ऑनलाइन स्वस्तात घेतलेली बदली सुई होती. पुन्हा घेणार नाही. टोक भिंगाखाली धरलं तर चक्क तिरकं बसवलेलं.) खरी सुई लावली, वजन ३ ग्रॅम, तरी तेच. मग एक विचित्र गोष्ट दिसली: पिच -६ वर नेला, म्हणजे वेग सहा टक्के कमी केला, की ओरड कमी. झालं! मोटर बिघडली म्हणून टेक्निक्सचा डेक उघडायला घेतला. १२०० एमके२ चा तळ काढायचा म्हणजे अर्धी संध्याकाळ. आत सगळं ठणठणीत. स्ट्रोबच्या दिव्याखाली थाळीच्या कडेचे वेग दाखवणारे ठिपके दगडासारखे स्थिर.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. तबकडी थांबवली, सुई तशीच खाचेत ठेवली, व्हॉल्यूम वर. ओरड आलीच! तबकडी फिरतच नाही तर मोटर कसली आणि प्रेसिंग कसलं? तेवढ्यात आज्जी चहा घेऊन जिना चढत होती, आणि तिचं एकेक पाऊल मला स्पीकरमधून ऐकू आलं. धप्प. धप्प. बेळगावातल्या शहापूरचं जुनं घर, तुळयांवर सागवानी फळ्या. स्पीकरही त्यावर, टेबलही त्यावर. बेस फळ्यांतून टेबलात, टेबलातून सुईत, सुईतून परत स्पीकरात.

मोबाईलवर आवाजाचा स्पेक्ट्रम लावला तर उंचवटा ४१ हर्ट्झच्या आसपास. बेस गिटारचा सगळ्यात खालचा 'ई' म्हणजे ४१.२. शिक्क्यावाल्या पठ्ठ्यानं नेमका तोच सूर धरलाय. पिच -६ वर तो ३८.७ ला घसरतो, म्हणून माळा गप्प बसायचा. बिचाऱ्या मोटरची मी उगाच चिरफाड केली.

उपाय पहिला: टेबलावर शहाबादी फरशी, खाली सायकलची ट्यूब. वजन जास्त, आधार मऊ, त्यामुळे कंप खाली सरकतो हे बरोबर. ओरड निम्मी झाली. पण तबकडीच्या कडेला बोट लावून ढकलायला गेलो तर अख्खा डेक झोपाळ्यासारखा डुलतो. बसून ऐकणाऱ्यांना ही युक्ती चालेल, मिक्स करणाऱ्याला नाही. वर वूफर नुसताच मागेपुढे फडफडायला लागला, कारण कंप आता टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) स्वतःच्या दहाएक हर्ट्झच्या जवळ आला. ट्यूब काढली, फरशी राहू दिली.

दुसरा उपाय म्हणून भिंतीत लोखंडी अँगल ठोकून त्यावर डेक बसवायचे ठरवलं. उद्यमबागेतल्या कारखान्यांत अँगल कापून, भोकं पाडून मिळाले. तिथल्याच लेथवर उरलेल्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यातून ४५ चा अॅडॉप्टरही (सात इंचीच्या मोठ्या भोकात बसणारी चकती) करून घेतला, बाहेरून ३८ मिमी. डेकांच्या जुन्या जोडीसोबत आला नव्हता, तो सल गेला. सात इंची तबकडीत असा बसतो की काय सांगू! विदेशी दुकानं याचे पैसे कशाचे घेतात कळत नाही.

खरं तर इथवर लिहून "रविवारी अँगल ठोकतो" म्हणून संपवणार होतो. पण लिहिता लिहिता वाटलं, बारा बारा किलोचे डेक मातीच्या भिंतीवर लटकवायचे कशाला? स्पीकरच फळ्यांवरून उचलले तर? उठलो, डावा स्पीकर खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवला, उजव्याची वायर काढली. व्हाइट लेबल, बी बाजू, शून्य पिच. बेस उतरला आणि नुसता बेसच आला. खाली कुणी हाक मारली नाही.

भिंतीला चिकटून असल्यामुळे बेस जरा सुजलाय, कमी करावा लागेल. आणि उजव्या बाजूला खिडकी नाही, कोनाडा आहे, त्यात आज्जीचे लोणच्याचे बरणीसंमेलन. म्हणजे अँगल आता डेकसाठी नव्हे, उजव्या स्पीकरसाठी. भोकं त्या मापाची नाहीत. उद्या परत उद्यमबाग.

जाता जाता: मिनिटाला १२० ठोक्यांचं एक जुनं गाणं +३.३ च्या ठिपक्यांवर थांबवलं की बरोबर १२४ होतं, आणि ते या बी बाजूखाली सहा मिनिटं हात न लावता चाललं. रेकॉर्ड केलंय, फक्त एका स्पीकरवर ऐकून. गणपतीआधी उजवा टांगला गेला पाहिजे. त्यानंतर आमच्या गल्लीत डीजे म्हणजे ट्रॅक्टरवरची भिंत, तिच्यापुढे माझे ४१ हर्ट्झ कोण ऐकतंय.