कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर पाण्याचा माग काढताना

पावसाळ्याच्या अखेरीस कोळसा खाणीतील टाकाऊ दगडमातीच्या एका जुन्या ढिगाऱ्याची पाहणी आमच्या गटाने केली. ढिगारा स्थिर आहे का आणि त्याची धूप कितपत झाली आहे, हे दोन प्रश्न आमच्यापुढे होते. दोहोंची उत्तरे बव्हंशी पाणी कोठून येते, कोठे मुरते आणि कोठून बाहेर पडते यावर अवलंबून असतात. म्हणून अशा पाहणीसाठी मोठा पाऊस होऊन गेल्यानंतर उघडीप मिळताच जावे. त्या वेळी पाझर वाहते असतात आणि ओघळांच्या कडा ताज्या असतात. पाऊस चालू असताना मात्र उतारावर पाऊल ठेवू नये.

निघण्यापूर्वी आम्ही ढिगारा रचला जाण्याआधीचा जमिनीचा नकाशा मिळवला होता. त्यावरील एक छोटा ओढा ढिगाऱ्याच्या एका कोपऱ्याखालून जात असल्याचे दिसले आणि दिवसाचा बराच वेळ त्याच बाजूला द्यायचा, हे तेथेच ठरले. वेल्समधील अ‍ॅबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी घसरलेला ढिगारा झऱ्यांवरच रचलेला होता. त्या दुर्घटनेत १४४ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत ११६ मुले होती. त्या सकाळी ढिगाऱ्याचा माथा खचल्याचे कामगारांच्या नजरेस आले होते. नकाशा पाहण्याचा कंटाळा करणाऱ्याने ही घटना जरूर आठवावी.

सुरुवात आम्ही माथ्यापासून केली. वरच्या अंगाचे पाणी अडवून बाजूला काढणारा चर एके ठिकाणी गाळाने भरला होता आणि तेथून पाणी माथ्यावर पसरत होते. त्या जागेपासून थोड्याच अंतरावर, कडेला समांतर अशी एक भेग सापडली. तिच्या ओठांवरची माती अजून धारदार होती, आत पालापाचोळा साचलेला नव्हता आणि उताराकडील बाजू दोन बोटे खाली गेलेली होती. ही तिन्ही चिन्हे एकत्र दिसली की भेग ताजी आहे आणि खालचा भाग सरकतो आहे असे धरून चालावे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातील अंतर मोजून ठेवावे, पण हे करताना उताराकडील बाजूवर अगदी गरजेपुरतेच जावे आणि एकट्याने तर कधीच जाऊ नये. भेगेच्या रुंदीपेक्षा ती रुंदावण्याचा वेग अधिक महत्त्वाचा असतो. तो वाढत असेल तर अहवाल पूर्ण होण्याची वाट न पाहता पायथ्याकडील माणसे आणि यंत्रे तत्काळ हलवायला सांगावे.

उतारावर धूप ठळक दिसत होती. ढिगाऱ्यातील शेल हा थराथरांचा ठिसूळ दगड आलटूनपालटून भिजला आणि वाळला की भुगा होतो, आणि तो भुगा पहिल्याच जोरदार सरीत वाहून जातो. बोटभर ओघळी सर्वत्र होत्या, त्यांची फारशी चिंता नव्हती. खोल घळ मात्र एकच होती, आणि तिच्या काठाने वर चढत गेल्यावर ती बरोबर त्या तुंबलेल्या चराखाली पोहोचली. घळीत दगड भरून उपयोग नाही, आधी चर मोकळा करायला हवा. गवत चांगले रुजलेले होते, पण गवताची मुळे वरचा थर तेवढा धरून ठेवतात. खोलवरची घसरण त्यांनी थांबत नाही. हिरवा उतार पाहून निश्चिंत होणे मला धोक्याचे वाटते.

पायथ्याशी, नकाशातील ओढ्याच्या जागी, नारिंगी गाळ सोडणारा पाझर मिळाला. पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज हवा-पाण्याच्या संपर्कात येऊन आम्लधर्मी पाणी तयार होत असल्याची ती खूण असू शकते, म्हणून पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, मोजण्याची पट्टी जवळ ठेवावी. स्थिरतेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याचा गढूळपणा. पारदर्शक बाटलीत नमुना घेऊन तो काही वेळ स्थिर ठेवावा. तळाशी बारीक कण बसले तर पाणी आतील माती घेऊन बाहेर येत असण्याची शंका घ्यावी. पायथ्याची जमीन फुगलेली किंवा तेथील झाडे कललेली आहेत का, हेही पाहावे. साचलेल्या पाण्याचा दाब वाढला की दगडमातीच्या कणांमधील घर्षण कमी होते, म्हणून पाझर बुजवू नये, त्याला बाहेर पडायला वाट द्यावी.

एक इशारा वेगळा. ढिगाऱ्यात उरलेला कोळसा स्वतःहून पेट घेऊ शकतो. वाफ, गंधकाचा वास किंवा लालसर भाजलेली माती दिसेल तेथे पृष्ठभागाखाली पोकळी असू शकते, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. अशा जागेवर चालू नये, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला राहून लांबूनच नोंद करावी आणि वायुमापक यंत्र सोबत असावे.

अहवालात प्रत्येक भेग, पाझर आणि घळ यांचे जीपीएस स्थान, मोजमाप, वेळ आणि आधीच्या दिवसांतील पाऊस लिहावा. छायाचित्रे ठरावीक जागांवरूनच काढावीत आणि त्या जागांवर खुणेचे दगड रोवावेत, म्हणजे पुढच्या पाहणीला येणाऱ्याला तीच चौकट पुन्हा मिळेल.