अस्वलाची नाइट शिफ्ट

सप्टेंबरभर आमच्या मागच्या अंगणात एक काळं अस्वल दिवसाढवळ्या यायचं. आम्ही न्यू जर्सीच्या ससेक्स काउंटीत राहतो, इथे अस्वलाचं नवल नाही. दुपारी तीनला व्हाइट ओकच्या झाडाखाली फतकल मारून बसायचं, पंजाने पाचोळा ढकलत एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, शोधायचं. रेड ओकपेक्षा याची फळं कमी तुरट, तेवढं त्यालाही कळतं.

मग ऑक्टोबरमधली अस्वलांची शिकार सुरू झाली, सोमवार ते शनिवार, आणि साहेब गायब. म्हटलं संपलं बिचारं. पण ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) बघितला तर रात्री १:४० ला तेच ध्यान, कानाला तीच खाच!

या दिवसात अस्वलाला उपाशी राहून चालतच नाही, हिवाळ्याआधी ते दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं आणि मादीचं तर विचारूच नका, समागम उन्हाळ्यात झालेला असतो पण गर्भ रुजतो साधारण नोव्हेंबरात, तोही अंगावर पुरेशी चरबी असेल तरच. म्हणजे जीव वाचवायचा म्हणून जेवण सोडता येत नाही, मग वेळ बदलायची. गोळी झाडायला परवानगी सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, बाकीची रात्र अस्वलाची. नियम त्याला कोण सांगणार म्हणा, पण उजेडात बिनधास्त फिरणारी आधी मरतात आणि उरतात ती बिचकून वागणारी. आमच्यावाल्याचं कारण शिकारच, असं मी छातीठोक सांगणार नाही हां, शरद ऋतूत अस्वलं तशीही हिंडतात, एकॉर्न संपले की दुसरीकडे जातात.

डिसेंबरात बंदुकीने शिकारीचा आठवडा येईपर्यंत बऱ्याच गाभण माद्या गुहेत गेलेल्या असतात, म्हणून तेव्हा नर जास्त सापडतात. माद्याही मिळाव्यात म्हणून तर २०१६ मध्ये शिकारीला ऑक्टोबरचा आठवडाही जोडला, हे कळल्यावर मला जरा कसंतरीच झालं. पण संख्या आवरायलाच हवी, हेही खरंय.

आणि एक गंमत. घराच्या ४५० फुटांच्या आत परवानगीशिवाय भरलेली बंदूक घेऊन फिरता येत नाही. म्हणजे जंगलापेक्षा आमचं अंगणच त्याला सेफ, वर कचऱ्याचा डबा फुकट! बायको म्हणते डब्याला कुलूप लाव. लावलंय, साखळीसकट. काल रात्री झाकणावर दातांची दोन भोकं पडली, कुलूप मात्र शाबूत आहे.