टाइप ७७ एकदाचं हातावेगळं

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आज संध्याकाळी मिग-२१ पूर्ण झालं. माझं, म्हणजे प्लास्टिकचं मॉडेल, १/७२ वालं, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर.

खऱ्या मिगनं २६ सप्टेंबरला चंडीगडला निरोप घेतला. १९६३ मध्ये त्याची पहिली स्क्वॉड्रनही तिथेच उभी राहिली होती. टीव्हीवर तो सोहळा चालू असताना नानाकाका एकदम म्हणाले, "तुझ्याकडे एक पडलं होतं ना रे, अर्धवट?" पडलं होतं खरं. २००८ साली घेतलेला किट माळ्यावर जुन्या कुकरच्या खोक्यामागे होता. दिवाळीची आवराआवर तोंडावर होतीच, त्यामुळे शिडी काढायला घरातून कुणाची हरकत नव्हती.

किट का रखडतात असं विचारलं की सगळे वेळेचं कारण देतात. मला ते फारसं पटत नाही. कॉकपिट रंगवायचं, धडाचे दोन भाग जोडायचे, पंख लावायचे, इथवर दोन रविवारांत माणूस हसतखेळत येतो. विमान विमानासारखं दिसायला लागतं. त्यानंतर सांध्यात पुट्टी भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा भरायची हे काम उरतं, आणि त्यात दिसण्यासारखं काहीच घडत नाही. माझं मिग नेमकं त्याच ठिकाणी थांबलेलं होतं. नाकात एअरगनचे छर्रे भरून झाले होते (न भरले तर शेपटीवर बसतं), पाठीवर आणि पोटाखाली सांध्याची रेघ तशीच.

काका नाशिकजवळच्या ओझरला, मिगच्या कारखान्यात नोकरीला होते. सत्तरच्या आसपास चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. धड आणि पंख ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी ती विभागणी. १९६६ ते १९८७ या काळात साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ आपल्याकडे तयार झाली. पहिली सगळी एफएल या प्रकारची, म्हणजेच टाइप ७७. काकांच्या तोंडी कायम 'सत्त्याहत्तर'. उडती शवपेटी हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढत नाही. अपघात झाले, वैमानिक गेले, हे ते नाकारत नाहीत. पण साठ वर्षांत एवढी विमानं एवढे तास उडाली, हे वाक्य त्या बातम्यांत कधी येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू दिसतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी टाप नाही.

किट जुन्या साच्याचा, त्यामुळे पत्र्यांचे जोड उठावाच्या रेघांनी दाखवलेले. सांधा घासला की या रेघाही जातात. मी सुईनं त्या परत कोरायला बसलो तर काकांनी चष्मा वर करून विचारलं, "केवढी रेघ ही?" म्हटलं, पाव मिलिमीटर असेल. "गुणिले बहात्तर कर." अठरा मिलिमीटर. "एवढ्या फटीचं विमान आमच्या इन्स्पेक्टरनं हँगरच्या दारातून बाहेर सोडलं नसतं." मग बहुतेक रेघा कोरल्याच नाहीत. फक्त झाकणं आणि पंखामागच्या हलणाऱ्या पट्ट्या तेवढ्या ठसठशीत ठेवल्या. मॉडेल करणारे मित्र नाक मुरडतील, मुरडू देत.

रंगाचा प्रश्नच नव्हता. बायसन या मिगच्या शेवटच्या आवृत्तीचा करडा रंग सोपा पडला असता, पण ओझरहून बाहेर पडायची ती विमानं चांदीसारखी. ७१ च्या युद्धात कितीतरी सत्त्याहत्तरांवर घाईघाईनं हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले, ते वेगळं. चंदेरी रंग मात्र फार वाईट. आधी चकचकीत काळा थर, तो आरशासारखा बसला तरच वरचं ॲल्युमिनियम धातूसारखं दिसतं. हवा दमट असेल तर काळ्यावर पांढुरकी वाफ धरते. यंदा पाऊस हटता हटेना, म्हणून सगळं काम दिवाळीनंतर ढकललं. मध्ये १७ ऑक्टोबरला ओझरच्या आकाशात तेजस मार्क-१ए उडालं. काका त्यावर दोन दिवस बोलत होते, माझं मिग मात्र बिनरंगाचं टेबलावर.

खरा जीव टांगणीला लागला तो डिकलनी, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांनी. इतक्या वर्षांत कागद चहा सांडल्यासारखा पिवळा पडलेला. पारदर्शक पिशवीत घालून तो आठवडाभर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवला, ऊन पिवळेपणा खातं. मग तुकडे होऊ नयेत म्हणून वर वार्निशचा थर. पहिलं वर्तुळ कोमट पाण्यात सोडलं तेव्हा श्वास रोखला होता. अर्ध्या मिनिटानं ते कागदावरून हललं, चिमट्यानं न ओढता ओल्या कुंचल्यानं पंखावर सरकवलं आणि कापसानं पाणी टिपलं. अखंड बसलं! बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. छापणाऱ्याचा केशरी जरा टोमॅटोकडे झुकतो, पण त्यावर रंग चढवून नवं संकट ओढवून घेणार नव्हतो. शेपटीवरचा तिरंगा लावताना केशरी पुढच्या बाजूला आहे ना, हे काकांनी जातीनं पाहिलं.

पंखांखाली दोन के-१३ क्षेपणास्त्रं. पोटाखाली तोफेचा पॉड (बाहेरून टांगायचा तोफेचा डबा) हवाच होता, कारण एफएलला अंगची तोफ नव्हती. किटमध्ये पॉड नाही, तिथे इंधनाची टाकी लावली. नाकावरची लांब नळी मुळातच मोडलेली निघाली, तिच्या जागी इंजेक्शनची सुई, बरोबर मध्यावर. पुढच्या मिगांची नळी उजवीकडे सरकली, सत्त्याहत्तरची मध्ये असते.

सात वाजता काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते फिरवून मागून पाहिलं.

"नोझल एवढं स्वच्छ? एकदाही उडालं नाही की काय?"

"तुमच्या हँगरमधून आत्ताच बाहेर आलंय, असं धरा."

"मग नाकावर स्क्वॉड्रनचं चिन्ह कुणी लावलं? आम्ही नाही लावायचो."

निरुत्तर. चिन्ह खरवडायचं म्हणजे खालची चांदी गेलीच. जेवणाआधी काळ्या रंगाची बाटली उघडली, कुंचला जवळजवळ कोरडा करून नोझल आतून बाहेरून काजळवलं, आणि विमान वायुसेनेच्या ताब्यात गेलं.