ब्रिजची पुस्तिका आणि गायब चिन्हं

डीटीपीत, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं जुळवण्याच्या कामात, गणिताची पुस्तकं, पंचांगं सगळं केलंय पण ब्रिज या पत्त्यांच्या खेळावरच्या पुस्तिकेचा तो दिवस वेगळाच होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या ऑफिसात एक रिटायर्ड काका फाईल घेऊन आले, निवडक डाव आणि त्यांचं मराठीत विश्लेषण, उघडून बघतो तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळ्यांच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह! झालं होतं असं की मराठी मजकूर जुन्या, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांना आणि चिन्हांना वेगवेगळे कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधला, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या कोडांवर बसवलेला, पत्त्यांची चिन्हं मात्र युनिकोडची (इस्पिकचा कोड २६६०), आणि कोणीतरी ती फाईल साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह केलेली, त्यामुळे मराठी टिकलं आणि चिन्हं गेली. मूळ कागदही रद्दीत गेलेले.

चार खेळाडूंचे हात, म्हणजे त्यांना वाटलेली पानं, दाखवणाऱ्या आकृत्यांचं निभावलं, कारण प्रत्येक हातात वरून खाली इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हाच क्रम असतो आणि एखादा सूट (या चारांपैकी एक रंग) पूर्ण रिकामा असेल तर डॅश. वर प्रत्येक हातात १३ पानं आणि चारही हात मिळून प्रत्येक सूटची १३, त्यामुळे मोजून ताळा घेता येतो. खरी पंचाईत बिडिंगची, म्हणजे खेळाआधी खेळाडू आळीपाळीने जी बोली लावतात तिची. '१?, २?, ४?' यावरून काय कळणार? खेळाडूंना ब्रिजमध्ये दिशांची नावं असतात, साउथ, वेस्ट अशी. काका म्हणाले, "अरे, साउथकडे स्पेडचे, म्हणजे इस्पिकचे, एक्का, राजा, गुलाम धरून पाच पानं आहेत, तो वन स्पेडच बोलणार, पार्टनरकडे तीन स्पेड आणि मोठ्या पानांचे आठ पॉइंट, मग टू स्पेड, पुढे फोर." एका ठिकाणी 'वेस्टने ?५ टाकली' असं होतं आणि त्याच्याकडे चौकटची पंजीही होती, किलवरचीही. काकांनी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला, माझ्या टेबलावर चारही हात मांडले आणि डाव पहिल्यापासून खेळले. सातव्या फेरीला इस्ट किलवरचा एक्का खेळला, वेस्टला किलवर देणं भागच, आणि त्याच्याकडे किलवरचं तेवढं एकच पान उरलेलं. पंजी किलवरची! मला ब्रिज येत नाही तरी अंगावर काटा आला.

मग फॉन्ट. छपाई एकरंगी, त्यामुळे बदाम-चौकट पोकळ घेतले. लहान टाइपात शाई पसरली की इस्पिक आणि किलवर सारखेच दिसतात, साध्या फॉन्टमधलं किलवर तर नुसता ठिपका होतं, म्हणून पत्त्यांसाठीच बनवलेला फॉन्ट लावला, त्यात किलवरच्या तिन्ही पाकळ्या सुट्ट्या राहतात आणि १० चे आकडे चिकटवून एका पानाच्या जागेत बसवलेले असतात. चिन्हं इंग्रजीच्या हिशोबाने खाली बसतात, शिरोरेषेच्या ओळीत पडलेली वाटतात, ती थोडी वर उचलावी लागली.

प्रूफ दिलं तेव्हा काकांनी भिंग घेऊन प्रत्येक हाताची पानं पुन्हा मोजली, मगच सही केली.