तुम्ही विचारलंत म्हणून: ओहतानी सोडून नोमोच का?

मी पुण्यात जपानी शिकवते. वर्गात बेसबॉलचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ओहतानी एवढा मोठा खेळाडू, तरी तुम्ही सारखं त्या नोमोचंच नाव का घेता?"

'निन्-इ इंताई' या शब्दांमुळे. म्हणजे स्वेच्छानिवृत्ती.

१९९४ चा हंगाम संपला तेव्हा हिदेओ नोमो २६ वर्षांचा होता, किंतेत्सु बफेलोज या जपानी क्लबचा हुकमी पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. त्याच वर्षी एका सामन्यात त्याच्याकडून १९१ चेंडू टाकून घेतले होते. एवढे चेंडू म्हणजे खांद्याची वाट लागणं! त्याला अमेरिकेत खेळायचं होतं, पण पाच हंगाम झालेल्या खेळाडूला क्लब सोडायची मुभा नव्हती. नियमात एकच फट होती: निवृत्त झालेल्याला जपानमध्ये दुसऱ्या संघाकडून खेळता येत नसे, परदेशाबद्दल मात्र नियम गप्प होता. त्याचा एजंट डॉन नोमुरा याने ती फट हेरली आणि नोमोने निवृत्तीच्या कागदावर सही केली. अमेरिकेत जमलं नसतं तर घरी परतून खेळणंही क्लबच्याच मर्जीवर. वर्तमानपत्रांनी त्याला कृतघ्न ठरवलं. त्याच्याआधी मासानोरी मुराकामी हा जपानी पिचर १९६४ मध्ये तिकडे खेळला होता, पण दोन हंगामांत परत आला. त्यानंतर तीस वर्षं कुणीच नाही.

२ मे १९९५, सॅन फ्रान्सिस्को, अंगावर लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी संघाची जर्सी. नोमो दोन्ही हात डोक्यावर ताणतो, मग कंबरेतून असा वळतो की बॅटरला त्याच्या पाठीवरचा १६ आकडा दिसतो, आणि त्या पिळातून चेंडू सुटतो. म्हणून त्या शैलीचं नाव टॉर्नेडो. पाच डावांत प्रतिस्पर्ध्यांना एकच हिट मिळाली, म्हणजे चेंडू टोलवून एकदाच कुणी सुरक्षित बेसवर पोहोचला. त्या हंगामात त्याने २३६ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू टोलवू न देताच बाद केले, आणि सर्वोत्तम नवोदिताचा किताब मिळवला.

ओहतानी मलाही आवडतो. पण तो अमेरिकेत गेला पोस्टिंगच्या, म्हणजे क्लबच्या संमतीने तिकडच्या संघात जाण्याच्या, रीतसर वाटेने, आणि ती वाट नोमोची फट बुजवताना, १९९८ मध्ये तयार झाली.

मला मात्र सगळ्यांत जास्त आठवतो तो १७ सप्टेंबर १९९६ चा डेन्व्हरचा सामना. हवा विरळ, तिथे चेंडू लांब उडतो, पिचर त्या मैदानाला घाबरतात. पावसाने माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, निसरडा झालेला, म्हणून नोमोने आपला प्रसिद्ध पीळच बाजूला ठेवला, साध्या पवित्र्यातून टाकत राहिला. सामन्याचे पूर्ण नऊ डाव झाले. एकही हिट नाही.