पानगळीची नोंदवही: स्लाव, बिनगाडीचे शनिवार-रविवार

यंदा बागांची यादी न करता झाडांची केली. कोणतं झाड कधी रंगतं ते आधी पाहायचं, मग ते जिथे भरपूर आहे ती जागा शोधायची. दक्षिण इंग्लंडपुरता ढोबळ क्रम असा लागला: निसा (लालभडक होणारं अमेरिकी झाड) आणि जपानी मेपल ऑक्टोबरच्या मध्याला, बीच ऑक्टोबर अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, ओक त्याच्या मागून, लार्च सगळ्यात शेवटी. ॲश बहुतेक वेळा हिरवा असतानाच गळतो, त्याच्या नादी लागू नका. मी लंडनजवळच्या स्लाव गावात राहतो आणि माझ्याकडे गाडी नाही, त्यामुळे सगळी मदार ट्रेन, बस आणि पायांवर.

सप्टेंबर अखेर, न्यू फॉरेस्ट

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून या जंगलातलं ब्रॉकनहर्स्ट साधारण दीड तास. रंग म्हणाल तर शून्य, नेच्यांची टोकं तेवढी तांबूस. गेलो होतो ते डुकरं बघायला. या जंगलात चराईचे जुने हक्क असलेली कुटुंबं दर पानगळीत आपली डुकरं मोकळी सोडतात. खाली पडलेली हिरवी ओकफळं घोड्यांना आणि गुरांना विषारी ठरतात, डुकरं मात्र ती मजेत फस्त करतात. हा 'पॅनेज'चा हंगाम किमान साठ दिवस चालतो. डुकरांनी जमीन उकरू नये म्हणून त्यांच्या नाकात कडी असते. रस्त्यात डुक्कर आडवं आलं की गाड्या निमूट थांबतात. मुलं बरोबर असतील तर याहून चांगली सहल सुचवता येणार नाही.

ऑक्टोबर, रिचमंड पार्क

पहाटेच गेलो, कारण हरणांच्या माजाचा काळ. 1637 मध्ये पहिल्या चार्ल्सने शिकारीसाठी कुंपण घातलेलं हे अडीच हजार एकरांचं रान आजही लंडनच्या आत आहे, आणि त्यात सहाशेच्या वर हरणं आहेत. रेड डिअरचे नर शिंगांत वाळका नेचा अडकवून डुरकत फिरतात. निदान 50 मीटर लांब राहा, असं पार्कवाले सांगतात. मोबाइल घेऊन दहा पावलांवर जाणारे महाभाग तरीही दिसलेच. झूम लेन्स नसेल तर दुर्बीण घ्या आणि फोटोचा नाद सोडा.

ऑक्टोबरचा मध्य, शेफील्ड पार्क

हे ईस्ट ससेक्समधलं, यॉर्कशरच्या शेफील्डशी संबंध नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ईस्ट ग्रिनस्टेड, आणि तिथून थेट वाफेच्या इंजिनाची ब्लूबेल रेल्वे. 1960 पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी ही गाडी 2013 मध्ये ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत पुन्हा जोडली गेली. साधारण 18 किलोमीटरचा मार्ग, डब्यात जुनी लाकडी पॅनेलं, खिडकीतून कोळशाचा वास. शेवटच्या स्टेशनापासून बाग चालत जाण्याजोगी.

बागेतला लाल रंग डोळ्यांत भरतो, पण तो इथला नाही, हे कळल्यावर बघण्याची नजर बदलली. निसा अमेरिकेतून आलेला, मेपल जपानमधून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर सोम्स नावाच्या मालकाने पानगळीच्या रंगांसाठी ही झाडं तळ्यांच्या काठाने मुद्दाम लावली. इंग्लंडची आपली झाडं बहुतेक पिवळी, तपकिरी, तांबूस होतात. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की उघडा पडतो. लाल मात्र पानाला शेवटच्या दिवसांत साखरेतून नव्याने तयार करावा लागतो. त्यासाठी दिवसा ऊन आणि रात्री थंडी लागते, पण पान गोठवणारी थंडी नको. म्हणून ढगाळ, वादळी ऑक्टोबरात लाल बागांवर पैसे घालवू नका. तो शनिवार पिवळ्या झाडांना द्या.

आम्हाला ऊन मिळालं. तळ्यात प्रतिबिंब हवं असेल तर सकाळीच पोचा, दुपारनंतर वारा सुटतो आणि पुलावर फोटोवाल्यांची रांग लागते.

घड्याळं मागे गेल्यावर, बर्नहॅम बीचेस

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि पावणेसहाचा सूर्यास्त एकदम पावणेपाचवर येतो. लांबच्या सहली इथेच संपतात. मग घराजवळचं बीच झाडांचं रान: एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनने बर्नहॅम, तिथून तासभर चाल. दिवाळीचं फराळ पिशवीतच होतं, त्यामुळे कॅफे शोधायची भानगड नव्हती.

1880 मध्ये लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने हे जंगल विकत घेतलं, म्हणून इथे बंगले उभे राहिले नाहीत. शेकडो वर्षं इथले बीच डोक्याच्या उंचीवर छाटून सरपण काढलं जायचं. कोकणात राबासाठी ऐनाची कवळं तोडून तोडून जसा बुंधा गाठाळ होतो, तसेच हे बुंधे, फक्त दोन-तीन माणसांच्या कवेत न मावणारे आणि आतून पोकळ. छाटणी थांबल्यावर वरच्या फांद्या जड होत गेल्या. त्या भाराने खोड फाटू नये म्हणून आता त्या जपून, थोड्याथोड्या कमी करतात. मुळांवरून चालू नका, पाट्या लावल्या आहेत त्या उगाच नाहीत.

साडेतीनला ऊन आडवं झालं आणि सगळं रान तांब्याचं झालं. माझ्या मते यंदाचा सर्वांत सरस दिवस हाच, आणि तिकीट लागलं ते ट्रेनचंच. शेफील्ड पार्क एकदा बघावं, बर्नहॅमला दरवर्षी जावं.

ट्रेनवाल्यांसाठी

नेटवर्क रेलकार्ड या सवलतीच्या कार्डावर आग्नेय इंग्लंडात तिकीट एक तृतीयांश स्वस्त पडतं आणि शनिवार-रविवारी किमान भाड्याची अट नसते. रविवारी रुळांची कामं निघतात, आदल्या रात्री तपासा, नाहीतर बसमध्ये बसवतात. 'रुळांवर पानं' हे कारण थट्टेचं वाटतं, पण चाकांखाली चिरडलेल्या पानांचा गुळगुळीत थर बसतो आणि गाडीला लवकर ब्रेक लावावा लागतो. काही मार्गांवर त्यासाठी वेळापत्रकच थोडं बदलतात, तेव्हा दोन-चार मिनिटं आधी फलाटावर या.

राहिलेलं

लंडनच्या क्यू बागेतला 1762 चा गिंको वृक्ष अजून पिवळा व्हायचा आहे. तो बघता बघता रिकामा होतो, तेव्हा घाई करावी लागेल. आणि ग्लॉस्टरशरमधलं वेस्टनबर्ट हे वृक्षउद्यान: जपानी मेपलांचा राष्ट्रीय संग्रह तिथे आहे, पण केंबल स्टेशनवरून पुढे बिनगाडीचं अवघड. पुढच्या ऑक्टोबरात कोणी रेडिंग किंवा स्लाववरून गाडीने जाणार असेल तर मला मागच्या सीटवर जागा ठेवा. पार्किंगचे पैसे आणि चकल्या माझ्याकडून.